घर विरुद्ध टाचणी

आजोबांनी शनिवारी जेवताना निकाल दिला, पण तो निकाल आहे हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळे एकदम बोलत होते. थोरला म्हणत होता, पंधरा वर्षांची पोर परगावी एकटी राहणार नाही म्हणजे नाही. धाकटा विचारत होता, पोर कुणाची आहे, माझी की तुझी? आत्या म्हणत होती, पोरीला कुणी विचारलंय का? आणि ती पोर, जिला घरात टाचणी म्हणत, मान खाली घालून जेवत होती. आजोबा पाणी प्यायले, पेला ठेवला आणि म्हणाले, "आम्हा चौघांना हरवलंस तर जा."

आजोबा असं काही बोलले की त्यावर अपील नसतं. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बुद्धिबळ स्पर्धेत टाचणी पहिली आल्यापासून घरात हा एकच विषय होता. तिथले प्रशिक्षक तिला आपल्या निवासी वर्गात घ्यायला तयार होते. दोन वर्षं तिकडेच राहायचं, तिकडेच शिकायचं आणि स्पर्धांमागून स्पर्धा खेळायच्या. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. पुढच्या वर्षी बघू, असं थोरला म्हणाला होता. त्यावर टाचणीने इतकंच सांगितलं होतं की सोळा पूर्ण झालेल्यांना ते घेत नाहीत.

रविवारी दुपारी थोरल्याने कापायचं टेबल स्वतः झाडून घेतलं. एरवी या टेबलावर सोफ्यांची आणि बसच्या सीटांची कापडं पसरलेली असत आणि थोरल्याशिवाय त्यावर कुणी कात्री चालवत नसे. आज त्यावर टाचणीचा स्पर्धेतला पट मांडला होता. तो मांडताना चौघांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण या घरात बुद्धिबळ पटावर कधी खेळलंच गेलं नव्हतं. एका हातात दाभण, दुसऱ्या हातात काथ्या, मांडीवर अर्धी भरलेली खुर्ची, अशा वेळी पटाला जागा कुठली? आजोबांनी मुलांना तोंडाने खेळायला शिकवलं. कारखान्याच्या या टोकाकडून चाल ओरडायची, त्या टोकाकडून उत्तर ओरडायचं, हात चालूच. गिऱ्हाइकांना वाटे हे लोक भांडताहेत. बऱ्याचदा ते भांडतही असत.

पट काढला तो धाकटीच्या सोयीसाठी. धाकटी म्हणजे टाचणीची आई. टाचणी फोमच्या खोलीत बसणार आणि धाकटी निरोप्या होणार, असं ठरलं होतं. त्या खोलीत छतापर्यंत फोमचे ताव रचलेले होते. दार लावलं की आत ना आवाज येई ना आतला बाहेर जाई. लहानपणी कारखान्यात सगळे एकमेकांवर ओरडायला लागले की टाचणी तिथे जाऊन बसे. त्यामुळे चौघांनी बाहेर काय खलबतं केली ते तिला कळणार नव्हतं, फक्त चाल कळणार होती. चाल मतांनी ठरायची. दोन-दोन झाले तर आजोबांचं मत वरचढ.

"तिकडे पट नकोय का तिला?" धाकटीने विचारलं.

"तिला कशाला? पट तुला. आम्ही काय बोलतोय ते कळावं म्हणून," आत्या म्हणाली.

धाकटी लग्न होऊन आल्यापासून बुद्धिबळाला 'तुमचं ते' म्हणत आली होती. तिने पटाकडे पाहिलं आणि विचारलं, "आधी कोण?"

"आपण. पांढरी तिने आपल्याला दिली," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजातली ऐट थोरल्याला खुपली.

थोरल्याला वाईट म्हणून कुणी म्हणू नये. त्याचा स्वतःचा मुलगा असाच एकदा बॅग घेऊन मोठ्या शहरात गेला होता. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्याने, आणि आता यायचा तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचत नसे. टाचणी त्याच्या टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या वेचत रांगायला शिकली होती, नावही त्यानेच ठेवलं होतं. आणखी एक मूल फोनमध्ये जाऊन बसावं, हे त्याला नको होतं. पण असलं काही तो कुणाला सांगणारा नव्हता, त्यामुळे तो शिस्त, वय आणि जमाना याबद्दल बोलत असे.

"राजाचं प्यादं दोन घरं," तो म्हणाला.

"दरवेळी तेच," आत्या म्हणाली.

"दरवेळी चालतं म्हणून."

मतं पडली, धाकटी आत गेली, आली. "ती म्हणते, तिचं वजिराच्या बाजूच्या उंटाचं प्यादं दोन घरं. आणि म्हणते, काकांना सांग, ओळखलं."

थोरल्याने मिशीतल्या मिशीत हसू दाबलं.

सुरुवातीच्या चाली भराभर गेल्या. आजोबांना मारामारी करून पट रिकामा करायला आवडे. आत्या संधी मिळताच वजीर बाहेर काढी. धाकट्याचा जीव घोड्यांवर, आणि थोरला आधी राजा कोपऱ्यात नेऊन त्याच्याभोवती सगळ्यांना उभं करी. अडचण अशी की थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते. धाकट्याने हाताचे टाके सोडून यंत्राच्या पिना आणल्या, त्यावरून जे वाजलं होतं ते अजून मिटलं नव्हतं. कामाचं बोलणंही आत्यामार्फत चाले.

"त्याला विचार, घोडा तिथे ठेवून काय अंडी घालणार आहे?" थोरला म्हणाला.

"ऐकलं मी. त्याला सांग, राजाला गोधडीत गुंडाळून झालं असेल तर पुढे बघू," धाकटा म्हणाला.

"मी पोस्ट ऑफिस नाहीये," आत्या म्हणाली. "एक निरोप्या आहे, तेवढा पुरे."

पण आत खोलीत बसलेली ती पोर त्यांना स्वस्थ बसू देईना. तिचा एक उंट लांबून, तिरका, थोरल्याच्या राजावर डोळा लावून बसला. एक प्यादं हळूच पुढे सरकलं. धाकटा पुटपुटला, "दादा, तो हत्ती तिथून काढ. पुढच्या चालीला तिथे घोडा येतोय तिचा."

"काढून ठेवू कुठे? मधल्या पट्टीवर?"

"मधल्या पट्टीवर. मग माझा घोडा मोकळा होतो."

"होतो खरा," थोरला म्हणाला.

आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा पाय हलत होता, आणि आनंद झाल्याशिवाय आजोबांचा पाय हलत नसे. आत्या तोंडाला टाके घातल्यासारखी बसून राहिली. आपण काही बोललो तर दोघांच्या लक्षात येईल आणि पुन्हा सगळं बिनसेल, अशी तिला धास्ती होती.

घोटाळा झाला तो यानंतर. आजोबा म्हणाले उंटाने प्यादं मारावं, आणि थोरला म्हणाला, "कुठलं प्यादं? ते कधीच गेलं."

"गेलं? अरे, ते तर पुढे सरकलंय."

"सरकलं ते शेजारचं, बाबा," धाकटा म्हणाला.

"शेजारचं आपण मारलं," आत्या म्हणाली.

चौघंही तावातावाने बोलू लागले. प्रत्येकाच्या डोक्यात एकेक पट होता आणि प्रत्येकाची आपल्या पटाबद्दल पक्की खात्री होती. धाकटी टेबलाशी उभी राहून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "पण इथे तर हत्ती अजून कोपऱ्यातच आहे."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. पटावरची मांडणी केव्हाची तशीच होती. मघाच्या सगळ्या चाली त्यांनी तोंडाने ठरवल्या, तोंडाने मोजल्या, आणि सोंगट्या हलवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पटाकडे बघून खेळायची सवय असती तर ही वेळ आली नसती.

"तू का नाही सांगितलंस?" थोरला धाकटीवर घसरला.

"मला वाटलं, तुमच्यात असंच खेळतात, भाऊजी."

आत्याला हसू आवरेना. धाकटा डोक्याला हात लावून बसला. आता खरी मांडणी कुणाला विचारायची, हे उघड होतं, पण ते म्हणायचं कुणी? विरोधी पक्षाकडेच आपला हिशोब मागायचा! अखेर आजोबा म्हणाले, "बोलवा तिला."

टाचणी दारापर्यंत आली. पट दिसू नये म्हणून तिने चौकटीला टेकून त्यांच्याकडे पाठ केली. तिच्या केसांत फोमचा भुगा होता.

"मांडा," ती म्हणाली. "तुमचा राजा कोपऱ्याशेजारी. त्याच्यापुढे तीन प्यादी, मधलं एक घर पुढे. हत्ती मधल्या पट्टीवर, ते बाबांनी सुचवलं आणि काकांनी ऐकलं. वजीर घोड्याच्या मागे. आजोबा, तुम्हाला जे प्यादं मारायचंय ते तुम्हीच मारलंत मघाशी. उंट तिथेच आहे तुमचा, त्याच्याच घरात."

ती एकेक सोंगटी सांगत गेली आणि थोरला एकेक ठेवत गेला. पांढऱ्या झाल्यावर काळ्या. ती कुठेही अडखळली नाही, आणि सांगताना मधेच कोपराला खाजवतही होती. शेवटची सोंगटी ठेवून झाल्यावर थोरल्याने पटाकडे पाहिलं आणि आपल्या डोक्यातल्या पटावर एक उंट भलत्याच घरात होता, हे त्याला कळून चुकलं. कारखान्यात डोक्याने खेळण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, असं तो आजवर समजत आला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जा आत."

आता डाव गंभीर झाला. धाकट्याने मनात हिशोब केला. घराचं पारडं जड होतं. तिचा घोडा अडकत चालला होता आणि थोरल्याने सुचवलेली चाल घट्ट होती, तिच्यात कुठे फट नव्हती. आपणच सुचवलेल्या हत्तीने आपल्याच पोरीचं जाणं अडवलं, हा विचार त्याला सहन होईना. त्याने घसा साफ केला.

"मी म्हणतो, हत्ती परत मागे घ्यावा."

थोरल्याने वर पाहिलं. "मागे? आपला घोडा उघडा पडेल."

"पडत नाही. बघितलंय मी."

आत्याने एक क्षणच धाकट्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं समजलं. "माझं मत धाकट्याला," ती म्हणाली.

आजोबांनी डोळे मिटले होते. "दोघं म्हणताहेत तर होऊ दे," ते म्हणाले. त्यांनाही दिसलं होतं की नाही, हे त्या घरात पुढे कितीतरी वर्षं वादाचं राहिलं.

धाकटी आत गेली आणि लगेच बाहेर आली. एरवी ती चाल सांगून मोकळी होई, आता मात्र ती पदर खोचून टेबलासमोर उभी राहिली.

"ती म्हणते, हत्ती मागे गेला तर घोडा फुकट जातो, हे चष्म्याशिवाय आजोबांनाही दिसेल. म्हणते, ही चाल बाबांची आहे, त्यांना परत घ्यायला सांग. खरी चाल पाठवा. नाहीतर ती जिंकली तरी जाणार नाही म्हणते, आणि पुन्हा या घरात कुणाशी खेळणारही नाही."

धाकट्याचे कान तापले. पोरीने भर सभेत बापाची चोरी पकडली होती आणि बापाला लाज वाटत होती. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते त्याला लपवता येईना. त्याचे डोळे भरून आले. फुकटचा घोडा नको म्हणणारी पोर आपल्या घरात वाढली, याचं त्याला इतकं बरं वाटलं की समोर थोरला बसलाय हेही तो विसरला.

"बघितलंस, दादा?" तो म्हणाला.

"बघितलं," थोरला म्हणाला. "आता नीट खेळ. तिचा अपमान करू नकोस."

त्यानंतर चौघं जसे खेळले तसे ते आयुष्यात खेळले नव्हते. खुर्च्या जवळ आल्या. आजोबांनी चष्मा पुसला. पुन्हा कुणी पटाकडे दुर्लक्ष केलं नाही.

आत्याला ती चाल अचानक दिसली. वजिराने वजीर मारायचा, मग घोड्याचा शह, आणि शह चुकवताना तिचा उंट पडतो. एक अख्खा उंट. तिने पुन्हा तपासलं. खरं होतं. बाकी तिघांना ते दिसलेलं नव्हतं, आणि ती बोलली नसती तर दिसणारही नव्हतं. तिच्या वेळी असंच बोलावणं आलं होतं, तेव्हा तिला कुणी खेळून दाखव असंही म्हटलं नव्हतं. परस्पर नकार कळवून टाकला होता. या पोरीने जावं असं तिला चौघांत सगळ्यांत जास्त वाटत होतं. पण मघाचा निरोप तिच्या कानात होता. आपण गप्प बसलो, तर तीही एक चोरीच होती.

"वजीर मारा," आत्या म्हणाली, आणि पुढचं सगळं सांगितलं.

थोरला टेबलावर थाप मारून म्हणाला, "वा! वा गं! कुठे होतीस इतकी वर्षं?"

"इथेच," आत्या म्हणाली.

फोमच्या खोलीत टाचणी तावांच्या दोन थप्प्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उंट गेला. ही आत्याची चाल, हे तिने ओळखलं, आणि उंट गेल्याचं दुःख व्हायच्या आधी तिला आत्याचा अभिमान वाटला. मग दुःख झालं. मग भीती वाटली. तिला जायचं होतं. इतके दिवस ती घरात शांत राहिली, कारण तोंड उघडलं तर रडू येईल आणि मग सगळे तिला लहान समजतील. स्पर्धेत तिच्यासमोर अनोळखी मुलं बसली होती, आणि त्यांच्या चालींवरून ती माणसं कशी असतील ते ओळखताना तिला जी मजा आली होती, ती तिला रोज हवी होती.

तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या पिवळट फोमकडे बघत ती पटात शिरली. मारामारीत बाकीचं सगळं गेल्यावर तिच्याकडे उरले एक हत्ती, काही प्यादी, त्यातलं एक खूप पुढे गेलेलं, आणि राजा. बाहेर त्यांच्याकडे हत्ती आणि वर एक घोडा. तिने राजा एक घर पुढे टाकला.

"राजा घेऊन कुठे निघाली ही?" बाहेर थोरला म्हणाला. "फिरायला?"

पुढच्या चालीला राजा आणखी एक घर पुढे आला. मग आणखी एक. हत्तीच्या आडोशाने, प्याद्यांच्या कडेकडेने तो एकटा अख्खा पट चालत गेला आणि बघता बघता घरच्यांच्या मागच्या रांगेपाशी येऊन बसला. त्याला हुसकायला जावं तर तिचं ते पुढे गेलेलं प्यादं वजीर होऊ पाहत होतं. हत्तीला ते अडवत उभं राहावं लागलं. हत्तीला राखायला घोडा आणावा लागला. घोड्याला राखायला राजाला जवळ बोलवावं लागलं.

"काही बिघडत नाही. सगळं सगळ्याला धरून आहे. आणि आपल्याकडे घोडा जास्त आहे," थोरला म्हणाला. "आता ती कडेचं प्यादं दोन घरं टाकेल. टाकू दे. आपलं एक घर आधीच पुढे आहे, ते त्याच्यासमोर नेऊ, की झालं. मग चाल तिच्यावर, आणि तिलाच काहीतरी सोडावं लागेल."

धाकटी हे ऐकून आत गेली. टाचणीला चालीला वेळ लागत होता. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, पुन्हा मोजत होती. मग तिने आईकडे पाहिलं.

"कडेचं प्यादं, एकच घर. दोन नाही, आई. एकच. नीट सांगशील ना?"

धाकटी दार ओढून बाहेर आली आणि खोली आणि कारखाना यांच्यामधल्या बोळात थांबली. तिथे जुन्या खुर्च्यांचे सांगाडे एकावर एक ठेवलेले होते. तिला 'त्यांचं ते' कळत नव्हतं, पण एक आणि दोन यांतला फरक कळत होता. भाऊजी म्हणाले होते ती दोन टाकेल, आणि दोन टाकले तर तिला काहीतरी सोडावं लागेल. तिने दोन सांगितलं असतं, तर कुणाला कळलं असतं? ऐकण्यात चूक झाली, म्हणता आलं असतं. सगळ्यांना माहीत होतं, हिला यातलं काही समजत नाही. या सगळ्या वादात तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नको जाऊ देऊ. झोपताना अजून माझा हात धरते ती. नको जाऊ देऊ.

एका सांगाड्याची स्प्रिंग बाहेर आली होती. धाकटीने ती उगाच आत दाबली, ती पुन्हा बाहेर आली. मग ती टेबलापाशी गेली आणि बोलली तेव्हा तिचा आवाज इतका मोठा लागला की आजोबा दचकले.

"कडेचं प्यादं एकच घर. दोन नाही. एक."

"एकच?" थोरला म्हणाला. "बरं. मग आपलं एक घर पुढे. नाहीतरी दुसरं काय हलवणार? तेवढंच मोकळं आहे."

मतं घ्यायचीही गरज पडली नाही. धाकटी गेली आणि तशीच परत आली. "आणखी एक घर म्हणते."

थोरल्याने काळं प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं. आता कडेची दोन्ही प्यादी समोरासमोर छाती लावून उभी राहिली. दोघांनाही हलायला जागा नव्हती. आणि चाल घरच्यांवर होती.

"हत्ती," आजोबा म्हणाले.

"हत्ती हलला तर तिचं प्यादं वजीर होतं, बाबा."

"मग घोडा," आत्या म्हणाली आणि स्वतःच मान हलवली. घोडा हलला की हत्ती जात होता.

"राजा?" धाकटा म्हणाला.

"राजा हलला की घोडा जातो."

चौघं पटावर वाकले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, एखादी हरवलेली वस्तू शोधताहेत. एकाने एक चाल सुचवायची, दुसऱ्याने ती खोडायची, मग खोडणाऱ्याने तीच पुन्हा सुचवायची, असं किती वेळ चाललं. गंमत अशी की घरच्यांचं काहीही वाईट नव्हतं. प्रत्येक सोंगटी आपल्या जागी नीट उभी होती, दुसरीला धरून होती. फक्त आता एकीला हलावं लागणार होतं.

"ही चाल सोडून द्यायची सोय नाही का?" धाकटीने विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला. "तीच तर..." आणि तो थांबला.

त्याला दिसलं. उंट गेला तेव्हाच, किंवा त्याच्याही आधी, त्या पोरीला माहीत होतं की इथे येऊन त्यांच्याकडे एक चाल जास्त उरणार आहे, आणि म्हणून तिने कडेचं प्यादं अख्ख्या डावात एकदाही हलवलं नव्हतं. जपून ठेवलं होतं. दोन घरं टाकलं असतं तर फुकट गेलं असतं. एक टाकलं. आधी एक, मग एक. कुठलाही पट नाही, समोर माणूस नाही, चौघं मोठी माणसं विरोधात, उंट गेलेला, आणि ही फोममध्ये बसून त्या एका घरापर्यंत मोजत आली.

थोरला हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग त्याला खोकला आला, आणि धाकट्याने उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"अरे, एकच घर टाकलं तिने!" थोरला खोकत म्हणाला. "एकच! तुला कळलं का, काय केलंय तिने? आपल्याला बोलायला एक शब्द ठेवला नाही रे!"

"कळलं, दादा, कळलं."

आजोबा उठले. त्यांनी पांढऱ्या राजाला बोट लावलं आणि त्याला अलगद आडवं केलं. मग कुणाच्या हाताचा आधार न घेता ते बोळातून चालत गेले आणि फोमच्या खोलीचं दार त्यांनी स्वतः उघडलं. बाहेरच्यांना फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"संपलं," आजोबा म्हणाले. "आम्ही हरलो. बाहेर ये."

टाचणी बाहेर आली. इतके दिवस आवरलेलं रडू तिला आता आवरेना, पण आता तिला लहान समजायची कुणाची छाती नव्हती. आत्याने तिला मिठीत घेतलं आणि दोघी जागच्या जागी डुलत राहिल्या. धाकटा तिच्या केसांतला भुगा काढत राहिला, निघाला तरी काढत राहिला. धाकटी जवळ आली आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "एकच सांगितलं हं मी. नीट सांगितलं."

"म्हणून तर जिंकले," टाचणी म्हणाली.

या गडबडीत थोरला कुठे दिसेना. धाकट्याने वळून पाहिलं तर तो कापायच्या टेबलाच्या पलीकडे फोन कानाला लावून उभा होता. प्रशिक्षकांना फोन लावायचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हो, मी तिचा काका. हो, येतेय ती. नक्की. अहो, ते सगळं मान्य आहे, ते राहू द्या, आधी माझं ऐका. आज आम्ही खेळलो तिच्याशी. नाही, नाही, पटावर नाही. ती दुसऱ्या खोलीत. आमच्याकडे घोडा जास्त होता! कडेचं प्यादं, ऐका ना, कडेचं प्यादं तिने एकच घर..." त्याचा आवाज फुटला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि सगळा कारखाना ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडला, "आम्ही चौघं होतो, साहेब! चौघं!"